रामफळाखालची जागा

कुरुळीतल्या एका गणेश मंडळानं दहा-बारा वर्षांपूर्वी सावळारामाला ‘वृक्षमित्र’ म्हणून शाल, नारळ आणि काचेसारखं दिसणारं प्लास्टिकचं सन्मानचिन्ह दिलं. दोन शब्द बोला म्हटल्यावर तो माइकसमोर गेला, माइककडे जरा संशयानं पाहिलं आणि “बरं हाय” एवढं म्हणून खाली उतरला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. झाडांवर जीव असणारी माणसं कमी बोलतात असा एक समज आहे, त्याचा सावळारामाला त्या दिवशी फायदा झाला. प्रत्यक्षात त्याला झाडांची आवड नव्हती. निदान सुरुवातीला तरी अजिबात नव्हती. चिखल त्याला सोसत नसे, डासांनी तो हैराण होई आणि अळूच्या वाफ्यात त्याला दोनदा विंचू चावला होता.

तरीही नाशिक रस्त्यावरून आत वळून भाड्याच्या पत्र्याच्या खोल्या, चारमजली इमारती आणि एका कंपनीची लांबच लांब भिंत ओलांडली, की साडेतीन गुंठ्यांचा हिरवा तुकडा दिसायचा तो सावळारामाचाच. तीन खोल्यांचं कौलारू घर आणि मागं परडं. मोरीच्या सांडपाण्यावर पोसलेल्या दोन केळी, त्याच पाण्यावरचा अळू, वालाचा मांडव, शेवगा, कढीपत्ता, कुंपणाकडेनं अबोली. आणि मधोमध, स्वयंपाकघराच्या दारातून सरळ नजर जाईल तिथं, रामफळाचं झाड. आजूबाजूच्या खोल्यांतली पोरं शिफ्टवरून येताना गवती चहाच्या चार पाती मागून न्यायची आणि आपसांत म्हणायची, काकांना भारी नाद आहे राव.

नाद नव्हता. त्यानं एकदा मान हलवली होती, त्याचं हे सगळं झालं होतं.

ते एकोणीसशे ब्याण्णव साल. सावळाराम तेव्हा सव्वीस वर्षांचा, आकुर्डीच्या एका छोट्या वर्कशॉपात कामाला. बायको कुशाबाई बावीसची. त्यांची पहिली मुलगी साधना आठ महिन्यांची होती. दात यायचे होते, पण उंबरा धरून उभं राहायची घाई होती. पंधरा ऑगस्टला झेंडावंदन झाल्यावर वर्कशॉपच्या मालकानं प्रत्येक कामगाराला जिलबीचा पुडा आणि एक रोप दिलं. रोपाला चिठ्ठी होती, चिकू. सावळारामानं ते सायकलच्या कॅरिअरला बांधून आणलं, आणलंच आहे तर लावू म्हणून घरामागं खड्डा खणला आणि लावून टाकलं. तीन-चार वर्षांनी ते रामफळ निघालं. म्हणजे झाडसुद्धा खोट्या नावानंच घरात आलं होतं.

कुशाबाई तेव्हा माहेरी गेलेली. दुसऱ्या दिवशी ती परत आली ती तापानं फणफणलेलं लेकरू घेऊनच. ताप, जुलाब, डोळे खोल गेलेले. गावातल्या डॉक्टरनं पिंपरीला न्या म्हणून सांगितलं. टेम्पो मिळाला, मोशीपर्यंत पोचले आणि मोशीहून परत फिरले.

तान्ह्या लेकराला जाळत नाहीत, पुरतात. आई बरोबर जात नाही. कुठं ठेवलं ते आईनं विचारायचं नसतं आणि पुरुषांनी घरी येऊन सांगायचं नसतं. हा रिवाज कुणी घातला ते ठाऊक नाही, पण घालणारा पुरुष असावा. सावळारामाचे चुलते आबाजी, भावकीतले दोघं आणि सावळाराम असे चौघं ओढ्याकाठी गेले. आबाजींनी खड्ड्यात मीठ टाकलं, खांद्यावरचा आपला पंचा काढून लेकरू त्यात गुंडाळलं. हातातल्या मनगट्या काढ म्हणाले, बरोबर काही ठेवू नये. काळ्या मण्यांच्या त्या मनगट्या कुशाबाईनं स्वतः ओवलेल्या होत्या. एक निघाली. दुसरी निघेना, मूठ वळलेली होती. आबाजी म्हणाले, राहू दे. वर माती, मातीवर दगड, दगडांवर बाभळीच्या फांद्या. काढलेली मनगटी सावळारामानं तंबाखूच्या डबीत टाकली आणि घरी येऊन अंघोळ केली.

तीन दिवसांनी ओढ्याला पूर आला. पाऊस उघडल्यावर सावळाराम तिकडं गेला, तर काठ जागेवर नव्हता. दगड, फांद्या, बांधावरची बाभळ, सगळ्यासकट काठाचा मोठा लचका तुटून गेला होता आणि तिथून तांबडं पाणी चाललं होतं, अगदी रोजच्यासारखं. त्यानं आबाजींना सांगितलं. आबाजींनी ओढ्याच्या दिशेला एकदा पाहिलं. मग म्हणाले, “बायकांपुढं बोलू नगं.”

पाचव्या दिवशी कुशाबाई पहिल्यांदा चुलीपुढं येऊन बसली. मागचं दार उघडं होतं. दारातून ते रोप दिसत होतं आणि रोपाभोवती नुकत्या खणलेल्या मातीचा ओला गोल. ती नसताना झालेलं घरात तेवढं एकच काम होतं. ती त्या मातीकडं बघत राहिली आणि जे विचारायचं नसतं ते तिनं विचारलं.

“तिथंच ठेवली ना?”

सावळारामाच्या डोळ्यांपुढून तांबडं पाणी जात होतं. त्यानं मान हलवली.

ती मान पुढं बत्तीस वर्षं हललेलीच राहिली.

त्या दिवसापासून तांदूळ धुतलेलं पाणी रोज सकाळी रोपाला जाऊ लागलं. आधी तांब्याभर पाणी, मग चहा. चारी बाजूंनी दगड लागले. रोपाला ऊन लागतं म्हणून शेजारी शेवगा आला, गुरं तोंड घालतात म्हणून कुंपण आलं, कुंपण उघडं दिसतं म्हणून अबोली आली. ओल राहावी म्हणून मोरीचं पाणी तिकडं वळवायला सावळारामानं दगडी पन्हळ बसवली, आणि पाणी आलंच आहे तर केळी आल्या. एकेक झाड असं दुसऱ्या झाडाच्या सोयीसाठी येत गेलं. पाच-सहा वर्षांत त्याची बाग झाली आणि ती बाग केल्याचा आळ सावळारामावर आला.

वर्कशॉपच्या मालकानं त्याला आकुर्डीत राहायला खोली देऊ केली होती. रोज कुरुळीहून सायकल मारत येतोस, पायांचे खिळे ढिले होतील, म्हणाला. सावळारामानं घरी विषय काढला. कुशाबाई नाही म्हणाली नाही. तिनं फक्त मागच्या दाराकडं पाहिलं. सावळाराम पुढची नऊ वर्षं सायकल मारत राहिला. मग चाकणच्या बाजूला नट-बोल्ट करणारी एक कंपनी आली, तिथं तो लागला आणि माल तपासण्याच्या टेबलावर बसला. माप बघायला गेज लावायचं, खोट सापडली की नगावर लाल ठिपका द्यायचा. या कामात तो इतका पक्का झाला, की त्याच्या हातून सुटलेला नग परत आल्याचं कुणी पाहिलं नाही. तेवीस वर्षं त्यानं दुसऱ्यांच्या मालातली खोट पकडली आणि संध्याकाळी घरी येऊन आपल्या खोटेपणाला पाणी घातलं.

जमिनींचे दलाल गावात फिरू लागले तेव्हा भावकीनं शेत विकलं, आजूबाजूच्या घरांनी परडी विकली. भाऊ म्हणाले, तुझंही टाक, मोशीला चांगला फ्लॅट घे. सावळारामानं झाडं दाखवली आणि म्हणाला, मला करमायचं न्हाई. भावांना हसू आलं. तेव्हापासून तो झाडवाला झाला. लोक कलमं कशी बांधायची विचारायला येऊ लागले, मग त्याला ती शिकावी लागली, मग ती त्याला खरंच येऊ लागली.

कुशाबाईनं त्या बत्तीस वर्षांत एक मुक्काम बाहेर केला नाही. माहेरी गेली तरी दिवेलागणीला परत. दिवाळीला पहिली पणती झाडाशी, मग उंबऱ्याशी. चैत्रात रामफळं पिकली, की पहिलं फळ वस्तीतल्या एखाद्या तान्ह्या मुलीच्या आईला जाई. घरात ते फळ कुणी खात नसे. मुलगा गोरक्ष झाला, मोठा झाला, तेव्हा त्यानं एकदा विचारलं, आपण का नाही खायचं? कुशाबाई म्हणाली, “ताईचं हाय.” त्यानं पुन्हा विचारलं नाही. इतर पोरांना घरात भाऊबहिणी असतात, आपल्याला झाड आहे, हे त्यानं लहानपणीच मान्य करून टाकलं. भाऊबीजेला तो झाडाला कुंकू लावी आणि दोन दगडांच्या मधे ओवाळणी ठेवी. ती कुठं जाते हे त्यानं एकदाही लपून पाहिलं नाही, इतका तो गुणी मुलगा होता.

एकदा कुशाबाईला चिकनगुनिया झाला. आठवडाभर उठता येईना, म्हणून सकाळचं पाणी सावळाराम घालू लागला. तिसऱ्या-चौथ्या दिवशी तांब्या ओतता ओतता त्याच्या तोंडून निघून गेलं, “घे साधे.” तो जागीच थांबला. इथं कुणी नाही हे जगात ठाऊक असलेला आता तो एकटाच होता. आबाजी वारले होते, भावकीतल्या त्या दोघांतला एक गेला होता आणि दुसऱ्याला काही आठवत नव्हतं. त्यानं मागं वळून पाहिलं. कुशाबाई आत झोपलेली होती. त्यानं उरलेलं पाणी ओतलं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच म्हणाला. तंबाखू त्यानं केव्हाच सोडली होती, पण डबी घराच्या आढ्याला तशीच होती.

गेल्या वर्षी रस्तारुंदीत घराची पुढची पडवी गेली, भिंतीला उभी चीर पडली. गोरक्षचं लग्न झालेलं, बायको वर्षाराणीला सातवा महिना. गोरक्ष एका कंपनीत सुपरवायझर होता, आरडाओरडा न करता बोलायचा आणि म्हणूनच त्याचं ऐकावं लागायचं. त्यानं दोघांना समोर बसवून सांगितलं, की हे घर आता टिकत नाही, नवं बांधायचं तर मागं सरकावं लागणार आणि मागं सरकलं की परडं राहत नाही. ताईचं त्यानं सगळं विचारून ठेवलं होतं. गुरुजींशी बोलला होता. “पाया खणताना मशिनीच्या दातात यावं, त्यापेक्षा आपण आपल्या हातानं काढू. जे असेल ते आळंदीला नेऊ. तिचं कधी काही झालंच नाही ना, आई. आता नीट करू.”

सावळाराम आयुष्यात पहिल्यांदा घरात मोठ्यानं बोलला. झाड पडणार नाही म्हणाला. वर बांध, आडवं बांध, माझ्या डोक्यावर बांध, झाडाला हात लावायचा नाही. वर्षाराणी घाबरून आत गेली. गोरक्षला वडलांची दया आली. मंडळानं उगीच शाल दिली नव्हती, असंही त्याला वाटून गेलं असेल.

 तिसऱ्या दिवशी कुशाबाईनं होकार दिला. तिची एकच अट होती. तेव्हा तिला जाऊ दिलं नव्हतं, या खेपेला माती ती स्वतः उकरणार आणि लेकीला ती स्वतः उचलणार.

सावळारामानं सांगायचा प्रयत्न केला नाही असं नाही. ती अंगणात वालाच्या शेंगा सोलत होती, तो जवळ जाऊन बसला, दोन शेंगा सोलल्या आणि म्हणाला, “तुला येक सांगायचं हुतं.” ती म्हणाली, “मला बी.” मग तिनंच सांगितलं. साधना गेली त्यानंतर महिनाभर तिला पान्हा येत होता, ती पहाटे उठून झाडाशी जाई आणि दूध तिथं पिळून येई. हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. आता लेकीची इथून जायची वेळ आली म्हणून सांगितलं. “तुमचं काय हुतं?” तिनं विचारलं. सावळाराम म्हणाला, “काय न्हाई. शेंगा किडक्यात यंदा.”

खणायच्या आदल्या सोमवारी कुशाबाई आणि वर्षाराणी देवळात गेल्या, गोरक्ष कामावर होता. सावळारामानं आढ्यावरून डबी काढली. मनगटी जशीच्या तशी होती. बुंध्यापासून हातभर अंतरावर त्यानं दोन फूट खणलं, मूठभर मीठ टाकलं, मनगटी ठेवली, माती थराथरानं दाबली, वर पाणी मारलं, वाळका पाला पसरला. मग चार पावलं मागं सरून माल तपासावा तसं पाहिलं. खोट दिसत नव्हती. लाल ठिपका द्यावा असं काहीही नव्हतं.

जेसीबी घेऊन भीमराज नावाचा परभणीकडचा माणूस आला. दिवसाला तीन घरं पाडणारा, पण काय काढायचं आहे ते ऐकल्यावर त्यानं मशीन फाटकातच बंद केलं, चपला काढल्या आणि म्हणाला, “मावशी, तुमचं होऊ द्या. मी थांबतो. आमच्याकडं बी अशी एक जागा हाय, शेताच्या धुऱ्याला, बांधाशी. मायनं तिथं कधी नांगर नाही जाऊ दिला.”

कुशाबाईनं नवं लुगडं नेसलं होतं. ती खुरपं घेऊन बसली. सावळाराम म्हणाला, बुंध्यापासून जरा अलीकडं बघ. ती अलीकडं सरकली. खुरप्यानं वरचा थर काढला आणि खुरपं बाजूला ठेवून बोटांनी माती काढू लागली, चुलीतली राख काढावी इतक्या हलक्या हातानं. दुपार झाली. वर्षाराणीला खुर्ची आणून दिली होती. हाडाचा तुकडा नाही, काही नाही. गोरक्ष हळूच म्हणाला, इतक्या वर्षांत मातीच होते, आई. आणि तेवढ्यात तिच्या बोटांना मणी लागले.

सगळ्यांनी हात जोडले. भीमराजनं टोपी काढली. गोरक्ष, ज्यानं बहिणीला झाडाच्या रूपातच पाहिलं होतं, तो पहिल्यांदा रडला. कुशाबाईनं मनगटी तळहातावर घेतली, पदरानं पुसली, दोऱ्यावरून एकदा इकडून तिकडे बोट फिरवलं. सावळाराम तिच्या तोंडाकडं बघत होता. तिच्या तोंडावर काहीही दिसलं नाही.

“गावली,” ती म्हणाली. पांढऱ्या फडक्यात तिनं माती बांधून घेतली.

आळंदीला विधी नीट झाला. गुरुजींनी नाव विचारलं, गोत्र विचारलं. फडकं तिनं स्वतः पाण्यात सोडलं. गोरक्षला वाटलं मनगटी त्यातच गेली. गाडीत परत येताना तो हलका होऊन बोलत होता, नव्या घरात देवघराशेजारी ताईसाठी एक कोनाडा ठेवू म्हणाला. कुशाबाईची डावी मूठ मिटलेली होती, ती तिनं घर येईपर्यंत उघडली नाही.

दोन दिवसांत रामफळ पडलं. केळी, शेवगा, मांडव, सगळं भीमराजनं अर्ध्या दिवसात सपाट केलं. बत्तीस वर्षांचं काम होतं, पण पाडायला काही विशेष नव्हतं. जुनं घर मागच्या खोलीपुरतं ठेवलं होतं, बांधकाम होईस्तोवर राहायला. मोरीचं पाणी आता नव्या घराच्या पायात मुरू नये म्हणून गोरक्षनं पाइप टाकून ते रस्त्याकडेच्या गटाराला जोडून घेतलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी गोरक्ष कामावर गेला, वर्षाराणी माहेरी गेलेली. कुशाबाईनं नवऱ्यापुढं चहाचा कप ठेवला आणि कपाशेजारी मनगटी ठेवली.

“दोरा तसाच हाय,” ती म्हणाली.

सावळारामानं दोऱ्याकडं पाहिलं. कच्चं सूत, काजळात बुडवून काळं केलेलं. जमिनीत दोन पावसाळेसुद्धा टिकलं नसतं. मणी सुटे सापडायला हवे होते. तेवीस वर्षं तपासणीच्या टेबलावर बसलेल्या माणसाच्या नजरेतून तेवढं निसटलं होतं.

त्यानं सांगितलं. बसल्या जागी, चहा निवेपर्यंत, सगळं सांगितलं. ओढा, पंचा, पूर, काठ, आबाजी. आणि मान.

तिनं आरडाओरडा केला नाही. ती एकेक विचारत गेली. बत्तीस वर्षांपूर्वी जे विचारायचं राहिलं होतं ते, त्याच क्रमानं असावं बहुतेक.

“मीठ घातलं हुतं?”

“घातलं.”

“अंगावर काय हुतं?”

“झबलं. वर आबाजींचा पंचा.”

“कुठलं झबलं?”

त्याला आठवेना. पिवळं असावं. तो म्हणाला, ठाऊक न्हाई.

“पिवळं माझ्यापाशी हाय,” ती म्हणाली. “मंग हिरवं आसल.” आणि जरा वेळानं, “तोंडावर माती पडाया नको म्हनून काय झाकलं हुतं का?”

“पंच्याचा पदर.”

“दुसरी मनगटी?”

“तिच्याच हातात ऱ्हायली. मूठ उघडंना.”

ती मुठीशी थांबली.  बाहेर सळईवाले येऊन उतरत होते, त्यांचा खणखणाट चालला होता. मग ती त्याच्याकडं न बघता म्हणाली, “मंग मी बत्तीस वर्सं कुनाला पानी घातलं?”

सावळारामापाशी याचं उत्तर होतं. आपणही घालत होतो, आपणही नावानं हाक मारत होतो, आणि परवा झाड आडवं झालं तेव्हा आपल्यालाही तिकडं बघवलं नाही, हे त्याला सांगता आलं असतं. पण ज्यानं फसवलं त्यानंच आपणही फसलो म्हणायचं, हे त्याला जमलं नाही. 

“चला,” ती म्हणाली. “दाखवा.”

ओढा गावापासून फार लांब नव्हता. पण आता तो ओढा दिसत नव्हता. दोन कंपन्यांच्या मधून सिमेंटचा रस्ता गेला होता आणि ओढा त्याच्या खालून मोठ्या पाइपांतून जात होता. एका बाजूला कंपनीची भिंत, भिंतीवर काटेरी तारा, दुसऱ्या बाजूला कंटेनर उभे. रस्त्याला कठडा होता गुडघ्याएवढा, त्याच्याशी दोघं उभी राहिली. खाली फेसाळ पाणी होतं, गटाराचा वास येत होता.

“कुठं?” कुशाबाईनं विचारलं.

सावळारामानं भिंतीकडं पाहिलं, पाइपांकडं पाहिलं. बाभळीवरून त्याला जागा सांगता आली असती, पण बाभळ बत्तीस वर्षांपूर्वीच गेली होती. वळण होतं तिथं, पण आता वळणच नव्हतं. समोर कुठंही बोट दाखवलं असतं तरी तिनं ते मानलं असतं. कदाचित तिला तेच हवं होतं. एक जागा, फक्त एवढीच. मान जराशी हलवायचा अवकाश होता.

“मला ठाऊक न्हाई, कुशे,” तो म्हणाला.

ती कठड्यावर बसली. तो उभा राहिला. थोड्या वेळानं कंपनीच्या फाटकातला पहारेकरी आला. पोरगेला होता, बोलायला वाईट नव्हता. म्हणाला, “काका, इथं थांबायचं नाही. कॅमेरा आहे वर, साहेब मला विचारतात. काही हरवलंय का?”

“न्हाई,” सावळाराम म्हणाला. “काय न्हाई.”

परत येताना ती पुढं होती. रस्ता ओलांडताना तो तिच्या बाजूला आला, तर ती दोन पावलं आणखी पुढं गेली.

त्यानंतर ती त्याच्याशी बोलत नव्हती असं नाही. जेवायला वाढी, गोळ्या घेतल्या का विचारी. गोरक्षला काही कळलं नाही. त्याच्या लेखी ताई सुटली होती, आणि कोनाड्याचं माप त्यानं गवंड्याला दिलं होतं. मनगटी कुशाबाईनं कुठं ठेवली ते सावळारामानं विचारलं नाही.

चौथ्या-पाचव्या दिवसाची सकाळ. सावळाराम मागच्या दाराशी दात घासत होता. कुशाबाई तांदूळ धुवून उठली आणि पाण्याचा तांब्या घेऊन दारात आली, रोजच्यासारखी, दोन पायऱ्या उतरली सुद्धा. समोर खांबांचे खड्डे होते, खड्ड्यांत उभ्या सळया. ती तांब्या धरून तिथं उभी राहिली. हात पुढं झालेला होता, पण ओतायचं कुठं हे हाताला कळत नव्हतं. मग ती वळली, सावळारामाच्या अंगावरून आत गेली आणि तिनं ते पाणी मोरीत ओतून टाकलं.

ब्रश तोंडात तसाच धरून सावळाराम ऐकत राहिला. पाणी पाइपात गेलं. पाइप गोरक्षनं रस्त्याकडेच्या गटाराला जोडला होता. गटार चौकातून खाली जातं, दोन कंपन्यांच्या मधून सिमेंटच्या रस्त्याला लागतं आणि पाइपांतून ओढ्याला मिळतं. त्यानं ते मनात दोनदा तपासून पाहिलं. कुठं खोट नव्हती. बत्तीस वर्षांत पहिल्यांदाच तांदळाचं पाणी बरोबर जागी निघालं होतं.

तिला सांगावं म्हणून तो आत वळला. ती चुलीशी पाठमोरी बसली होती, भात ठेवत होती. तो दारातच थांबला. हे खरं होतं, शंभर टक्के खरं. पण त्याच्या तोंडून आता ते खरं वाटलं नसतं.

त्यानं चूळ भरली आणि मोरीत टाकायच्या ऐवजी बाहेर येऊन खडीवर टाकली.